मोजून दिलेले श्वास

विमानात माझा एक ठरलेला खेळ असतो. विमान वर जाऊन स्थिरावलं की पाण्याची बाटली निम्मी प्यायची, झाकण घट्ट फिरवायचं आणि ती समोरच्या जाळीत खोचून द्यायची. नागपूरहून निघालेलं विमान सव्वा-दीड तासानं मुंबईत टेकतं, तेव्हा बाटली दोन्ही कुशींनी आत गेलेली असते, कुणी मुठीत आवळावी तशी. खरं तर तिला कुणी हात लावलेला नसतो. झाकण लावलं तेव्हा केबिनमधली हवा साधारण सिमल्याच्या हवेइतकी विरळ होती, तीच बाटलीत कोंडली गेली. खाली आल्यावर सांताक्रूझच्या दाट हवेनं बाहेरून दाबून तिची ही गत केली.

विमानाचं स्वतःचं होतं ते याच्या नेमकं उलट. 35,000 फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम चौथाई असतो आणि आत आपल्यासाठी सिमला भरून ठेवलेला असतो. त्यामुळे खिडकीशेजारचा तो पत्रा आतून बाहेर ढकलला जातो, आणि तोही एका चौरस मीटरला पाच टनांच्या आसपास जोरानं. एवढा भार घेणारा पत्रा किती जाड असेल? जुन्या बोइंग 737च्या पाठीवरचा पत्रा होता 0.9 मिलिमीटर. आपलं रुपयाचं नाणंसुद्धा त्याहून जाड असतं. पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मी तो दोनदा वाचला होता.

तर विमान वर चढताना किंचित फुगतं आणि उतरताना पुन्हा बसतं. डोळ्यांना दिसायचं नाही, पण दर उड्डाणाला एकदा, न चुकता. विमानाच्या धंद्यातली माणसं याला 'सायकल' म्हणतात. मला त्याला श्वास म्हणावंसं वाटतं. आपल्याकडे जुन्या माणसांचा एक समज होता, की ब्रह्मदेव आयुष्य वर्षांच्या हिशेबात देतच नाही, श्वास मोजून देतो. म्हणून तर योगी श्वास सावकाश घेतात. माणसाच्या बाबतीत ही नुसती श्रद्धा झाली. विमानाच्या बाबतीत मात्र हे अक्षरशः खरं आहे. त्याच्या वहीत वय तीन रकान्यांत लिहिलेलं असतं: वर्षं, उड्डाणाचे तास आणि सायकली. केबिनच्या पत्र्याला विचाराल तर खरं वय तिसऱ्या रकान्यातलं.

बोइंगनं 747 आखलं ते 20,000 उड्डाणं गृहीत धरून आणि 737 आखलं ते 75,000. यात नवल नाही. जंबो म्हणजे लांब पल्ल्याची मेल, एकदा सुटली की आठ-दहा तास थांबायचं नाव नाही. 737 म्हणजे थांबे घेत जाणारी लाल एसटी, दिवसातून कितीदा तरी वर-खाली. जंबो म्हातारं होतं ते तासांनी. 737 म्हातारं होतं ते श्वासांनी.

या म्हातारपणाला इंग्रजीत दिलेलं नाव मराठीत आणायचं तर 'शीण' हा शब्द मला सगळ्यांत जवळचा वाटतो. फक्त तो थोडा फसवा आहे. माणसाचा शीण रात्रभर झोपलं की उतरतो. धातूचा उतरत नाही, साचतो. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. कुंपणाची तार तोडायची असते आणि पक्कड सापडत नाही, तेव्हा आपण काय करतो? एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवत राहतो. पहिल्या दहा वेळा काही होत नाही, मग ती जागा हाताला गरम लागते, आणि अकराव्या-बाराव्या वेळी तार निमूटपणे हातात येते. आपण तारेला तितक्याच ताकदीनं वाकवत होतो. ताकद वाढली नव्हती, फक्त गणती वाढली होती.

विमानाचा पत्रा अर्थात कुणी असा दुमडत नाही. त्याच्यावरचा ताण कितीतरी सौम्य, सोडला की पत्रा जागच्या जागी येतो. पण धातू म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांची गर्दी. ताण पडला की काही स्फटिकांमधले थर एकमेकांवरून किंचित घसरतात आणि ताण सुटल्यावर सगळेच तंतोतंत मागे येत नाहीत. हजारो वेळा असं झालं की भोकाच्या कडेला, ओरखड्याच्या तळाशी, गंजाच्या खळग्यात एखादी सूक्ष्म चीर जन्म घेते. नंतर प्रत्येक श्वासागणिक ती अगदी थोडी पुढे सरकते.

या रोगाचा शोध विमानांनी लावलेला नाही. 1842 साली व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि आगीत डझनावारी माणसं गेली. धडधाकट दिसणारे आस रोजच्याच भाराखाली का तुटतात, या प्रश्नानं रेल्वेच्या इंजिनिअरांना पछाडलं. जर्मनीच्या ऑगस्ट व्होलर यांनी 1850 आणि 60च्या दशकांत यंत्रावर आस फिरवत ठेवून, कितव्या फेऱ्याला काय तुटतं याची चिकाटीनं नोंद केली. त्यांना एक दिलाशाची गोष्ट सापडली: लोखंड-पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली ठेवला, तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसतं. ॲल्युमिनियमला मात्र अशी मर्यादाच नाही. ताण कितीही कमी करा, ते कधी ना कधी तुटणार, फक्त आकडा लांबतो. आणि उडायचं तर हलकं हवं, म्हणून आपण विमानं बांधली ती नेमकी ॲल्युमिनियमची.

त्याची किंमत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मोजली ती ब्रिटनच्या कॉमेट विमानानं. 2 मे 1952 रोजी लंडनहून जोहान्सबर्गला निघालेलं कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट. बरोबर एक वर्षानं, 2 मे 1953ला, एक कॉमेट कलकत्त्याहून उडाल्यावर वादळात सापडलं आणि मोडून पडलं. दोष वादळाला गेला. मग 10 जानेवारी 1954ला एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं आणि 8 एप्रिलला आणखी एक नेपल्सच्या दक्षिणेला. या वेळी हवा चांगली होती. दोष द्यायला वादळ उरलं नव्हतं.

फार्नबरोच्या संशोधन केंद्रात सर आर्नल्ड हॉल यांच्या पथकानं जे केलं, ते मला अजूनही विलक्षण वाटतं. त्यांनी अख्खं कॉमेट पाण्यात बुडवलं. विमानाभोवती मोठा हौद बांधला, पंख बाहेर काढले, धड आत ठेवलं. धड पाण्यानं भरलं, हौदही भरला. मग आत आणखी पाणी पंपानं ढकलायचं म्हणजे विमान 'वर चढलं' आणि सोडायचं म्हणजे 'उतरलं'. सोबत जॅक लावून पंख वर-खाली हलवायचे. दिवसरात्र. पाणीच का? हवा दाबली की स्प्रिंगसारखी ताकद साठवते, हवा भरलेलं धड फाटलं असतं तर बॉम्बसारखं उडालं असतं आणि पुराव्याच्या चिंध्या झाल्या असत्या. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. फाटलं की दाब तिथल्या तिथे गळून पडतो आणि चीर जशी पडली तशी राहते. आधी प्रत्यक्ष 1,221 उड्डाणं केलेलं हे विमान हौदातल्या 1,836 खोट्या उड्डाणांनंतर फाटलं. एकूण 3,057. एल्बाजवळ पडलेलं कॉमेट जेमतेम 1,290 श्वास घेऊन गेलं होतं.

मग कंपनीनं आधी तपासून पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं, आणि इथेच गोष्ट थक्क करते. त्यांच्या चाचणीतल्या धडानं 16,000हून जास्त फेरे सोसले होते. पण त्याच धडावर त्याआधी ताकद बघण्यासाठी दुप्पट दाब दिला गेला होता. त्या जबर दाबानं खिडक्यांच्या कोपऱ्यांजवळचा धातू कायमचा ताणला गेला आणि दाब सुटल्यावर आजूबाजूच्या पत्र्यानं त्याला आवळून धरलं. आवळलेल्या धातूत चीर सहज उघडत नाही. विमान तपासता तपासता त्यांनी ते नकळत बळकट करून ठेवलं, आणि बळकट झालेल्या विमानाचा निकाल साध्या विमानांना लावला. परीक्षेनंच उत्तरपत्रिका बिघडवल्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

कॉमेट म्हटलं की 'चौकोनी खिडक्यांमुळे पडलं' असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं. एल्बाच्या विमानात फूट सुरू झाली ती प्रवाशांच्या खिडकीपाशी नव्हे, छतावर अँटेनासाठी कापलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यापाशी, एका भोकाजवळ. मुद्दा कोपऱ्याचा मात्र बरोबर आहे. कापडाच्या दुकानात बघा. दुकानदार ताग्याच्या काठाला कात्रीनं बोटभर चीर देतो, मग दोन्ही हातांनी धरून टर्रकन अख्खा पन्ना फाडतो. चीर नसताना तेच कापड दोन माणसांनी ओढलं तरी हलत नाही. पत्र्यातून वाहणारा ताण भोकाला वळसा घालून जातो, वळणावर त्याची गर्दी होते, आणि वळण जितकं टोकदार तितकी गर्दी जास्त. साध्या गोल भोकाच्या कडेलासुद्धा ताण तिप्पट होतो. विमानाची प्रत्येक खिडकी, प्रत्येक दार, प्रत्येक झडप आज गोलाईची असते ती याचसाठी. आणि याचीच दुसरी बाजू म्हणजे कारागिरांची जुनी युक्ती: चीर पळत सुटली की तिच्या टोकाला ड्रिलनं एक गोल भोक पाडायचं. भेग थांबवायला भोक! टोकदार टोक गोल झालं की भेगेचा जोर ओसरतो, निदान पक्की दुरुस्ती होईपर्यंत.

यानंतरच्या तीस वर्षांत इंजिनिअर मंडळींनी एक अवघड मानसिक उडी घेतली. आधी त्यांचा प्रयत्न होता, की विमानात भेग पडता कामा नये. अमुक उड्डाणांनंतर भाग काढून टाकायचा. मग म्हणाले, एक भाग मोडला तरी शेजारच्यानं भार उचलावा. शेवटी म्हणाले, भेग आहेच असं धरून चालू. विमान कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवसापासून ती कुठेतरी आहे. आपल्याला फक्त दोन गोष्टी कळायला हव्यात: ती यंत्राला दिसण्याइतकी कधी होईल आणि जिवावर बेतण्याइतकी कधी होईल. या दोन तारखांच्या मधल्या काळात निदान दोनदा तरी तिथे बघून यायचं. एकदा नजर चुकली तर दुसऱ्यांदा सापडेल.

हे जमायचं तर भेगेचा वेग काढता यायला हवा. तो काढायचं साधं सूत्र पॉल पॅरिस या तरुण अमेरिकन इंजिनिअरनं 1960च्या सुमाराला मांडलं. नामवंत नियतकालिकांनी त्याचा लेख परत केला आणि तो शेवटी एका विद्यापीठाच्या पत्रिकेत छापून आला. आज जगातल्या प्रत्येक प्रवासी विमानाच्या तपासणीचं वेळापत्रक त्या सूत्राच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर उभं आहे. 1977 साली झांबियात लुसाकाला उतरताना एका म्हाताऱ्या बोइंग 707चं शेपटीचं पातं तुटलं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या नियमात 'भेग आहेच असं धरा' हे तत्त्व आलं.

पण या सगळ्या हिशेबात एकच भेग धरलेली होती. एकाच वेळी शेकडो असतील तर?

28 एप्रिल 1988. हवाई बेटांमधल्या हिलोहून होनोलुलूला निघालेलं अलोहा एअरलाइन्सचं 737, वय 19 वर्षं. 24,000 फुटांवर पोचताच पुढच्या दारामागपासून पंखाच्या अलीकडेपर्यंत सुमारे 18 फूट लांबीचं छत आणि भिंतींचा वरचा भाग उडून गेला. केबिनमध्ये फिरणाऱ्या हवाई सुंदरी क्लॅराबेल लान्सिंग क्षणात बाहेर ओढल्या गेल्या. त्या कधीच सापडल्या नाहीत. पट्टे बांधायची खूण अजून पेटलेली होती, म्हणून प्रवासी खुर्च्यांना धरून राहिले, डोक्यावर उघडं आभाळ. कॅप्टन रॉबर्ट शॉर्नस्टायमर आणि सहवैमानिक मिमी टॉम्पकिन्स यांनी ते उघडं विमान 13 मिनिटांत माउई बेटावर उतरवलं. 95 पैकी 94 माणसं वाचली.

या विमानाच्या वहीतला तिसरा रकाना बघा: 89,680 सायकली. तास मात्र 35,496. भागाकार केला तर एक उड्डाण सरासरी 24 मिनिटांचं. या बेटावरून त्या बेटावर, दिवसभर, 19 वर्षं. यातल्या बऱ्याच उड्डाणांत विमान पूर्ण फुगण्याइतकं वर जातही नव्हतं, तरी गणती ती गणतीच. आणि हे सगळं समुद्राच्या खाऱ्या हवेत. खारी हवा धातूचं काय करते ते रत्नागिरी-मालवणच्या माणसाला समजावून सांगायला नको.

मूळ दुखणं सांध्यांत होतं. धडाचे पत्रे जिथे एकमेकांवर चढतात तिथे सुरुवातीच्या 737मध्ये डिंक लावलेली कापडी पट्टी घालत. ही पट्टी वापरेपर्यंत गोठवून ठेवावी लागे. बाहेर काढली की थंड लोट्यावर जसं दव जमतं तसं तिच्यावर दव धरायचं, आणि कुठे कुठे डिंक नीट चिकटायचाच नाही. कल्पना अशी होती की भार डिंकानं वाहायचा, रिव्हेटं आपली मदतीला. डिंक सुटला, फटीत ओल शिरली, गंज फुगला आणि त्यानं पत्रे आणखी दूर ढकलले. सगळा भार रिव्हेटांच्या भोकांवर आला. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून भोकाला वरून उतार दिलेला असतो. पत्रा इतका पातळ, की तो उतार पार खालपर्यंत गेला आणि भोकाची कड सुरीच्या धारेसारखी झाली. ओळीतल्या एकेका भोकाला दोन्ही बाजूंनी बारीक भेगा फुटल्या.

आता किराणा दुकानातलं पावतीपुस्तक डोळ्यांसमोर आणा. पावती आणि स्थळप्रत यांच्यामध्ये टोचलेल्या भोकांची एक रेघ असते. कुठलंही एक भोक कागद कमकुवत करत नाही. सगळी मिळून मात्र अशी वाट तयार करतात, की हलका झटका दिला की कागद नेमका त्या रेघेवर सुटतो. 737चं धड 40 इंचांची एकच मोठी चीर पडली तरी टिकेल असं आखलेलं होतं. आडव्या पट्ट्या अशा लावल्या होत्या, की धावती चीर पट्टीपाशी वळावी, पत्र्याचा छोटा तुकडा झडपेसारखा उघडावा, हवा निघून जावी आणि विमान शाबूत राहावं. कारखान्यात फुगवलेल्या धडात पाती घुसवून हे तपासलंही होतं, आणि चीर खरोखर वळली होती. पण तेव्हा पुढचा पत्रा कोरा होता. इथे चीर पट्टीपाशी पोचण्याआधीच पट्टीपलीकडची भोकं तिची वाट बघत होती.

तपासणीचं काय? चौकशी अहवालातलं त्यावरचं वर्णन सगळ्यांनी वाचावं असं आहे. तपासणीच्या सक्तीच्या सरकारी आदेशात फक्त छताजवळचे दोन सांधे होते. तेवढ्यासाठीच सुमारे 1,300 रिव्हेटं एकेक करून निरखायची. विमान दिवसा उडणार, म्हणून हे काम रात्रीचं. निरीक्षक परांचीवर चढून, हातात झगझगीत दिवा घेऊन, विमानाच्या गोल पाठीवर सरकतो. घसरू नये म्हणून कधी कमरेला दोर, दोर हँगरच्या तुळईला. डोळ्यांसमोर एक रिव्हेट, मग पुढचं, मग पुढचं, आणि शोधायची ती केसासारखी रेघ. दोनशेव्या रिव्हेटनंतर माणसाच्या डोळ्यांना येतो तोही शीणच.

अलोहानंतर महिन्या-दीड महिन्यातच अमेरिकेत म्हाताऱ्या विमानांवर मोठी परिषद भरली, 1991 साली स्वतंत्र कायदा झाला, आणि त्याच वर्षी न्यू मेक्सिकोत सँडिया प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली एक केंद्र उघडलं. तिथल्या हँगरमध्ये एक जुनं 737 ठेवलं. उडवायला नव्हे, तपासणारी यंत्रं आणि तपासणारी माणसं यांची परीक्षा घ्यायला. कुठल्या आकाराची भेग किती वेळा सापडते आणि किती वेळा निसटते, हे मोजायला.

यंत्रांमधलं मला सगळ्यांत आवडतं ते एडी करंटचं. पेनासारखी एक कांडी, टोकात तारेचं बारीक वेटोळं, त्यात उलटसुलट वाहणारा प्रवाह. कांडी पत्र्यावर टेकवली की पत्र्यातही विजेचे भोवरे उठतात. भोवऱ्याच्या वाटेत भेग आली की त्याला वळसा घ्यावा लागतो आणि पडद्यावरची रेघ उसळी मारते. रंगाच्या थराखालची, नखाच्या टोकाएवढीही नसलेली भेग अशी पकडली जाते. क्ष-किरण आहेत, ध्वनिलहरी आहेत, भेगेत झिरपून चमकणारा रंग आहे. आणि या सगळ्यांच्या पंगतीत अजून मानानं बसलेली एक जुनी रीत आहे: चिकटवलेल्या भागांवर नाणं ठोकून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत थर सुटलेत. माठ घेताना आपण बोटानं वाजवतो, तेच. स्टेशनात उभ्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारत जाणारा रेल्वेचा माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा आवाज ठाऊक आहे.

दर सहा-दहा वर्षांनी विमानाची महातपासणी येते, डी चेक. खुर्च्या, स्वच्छतागृहं, भिंतींची आवरणं, जमिनीच्या फळ्या, सगळं उपसून विमानाचा सांगाडा उघडा करतात. आपल्याकडे नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगनं एअर इंडियासाठी उभारलेले हँगर आहेत ते अशाच मोठ्या कामांसाठी. कधी विमानतळाच्या कडेला पोटातली सगळी वायरिंग बाहेर काढलेलं विमान दिसलं तर ते मोडीत निघालंय असं समजू नये.

तरी काही भेगा झाकलेल्या राहतात, आणि बहुतेकदा झाकणारी असते ती दुरुस्तीच. 7 फेब्रुवारी 1980ला हाँगकाँगला उतरताना चायना एअरलाइन्सच्या एका 747ची शेपटी धावपट्टीवर घासली. ओरखडे पडलेला पत्रा कापून काढायच्या ऐवजी त्यावर नवी पट्टी ठोकली गेली. ओरखडे पट्टीखाली तसेच राहिले. बाहेरून तपासणाऱ्याला दिसणार ती नवी, गुळगुळीत पट्टी. 22 वर्षांनी, 25 मे 2002ला, ते विमान तैवानजवळच्या समुद्रावर हवेत तुटलं आणि 225 माणसं गेली. अपघाताआधीच्या तपासणीत काढलेल्या फोटोंत त्या पट्टीच्या कडेनं तपकिरी डाग दिसत होते. तंबाखूच्या धुराचे. विमानात सिगारेट ओढायची मुभा होती त्या काळात प्रवाशांनी सोडलेला धूर भेगेतून दर उड्डाणाला थोडा थोडा बाहेर झिरपला होता आणि जाता जाता पत्र्यावर आपली सही करून गेला होता. विमानाचा श्वास खरोखरच दिसत होता, बाहेरून, नुसत्या डोळ्यांना.

भेग स्वतःही लिहीत असते. तुटलेल्या धातूचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तुटल्या जागेवर एकामागे एक बारीक रेघा दिसतात, भरती ओसरल्यावर वाळूत उमटतात तशा. ताणाच्या एका फेऱ्याला बहुधा एक रेघ. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजून वय काढावं, तसे तपासनीस या रेघा मोजत मागे मागे जातात आणि सांगतात की ही चीर इतक्या हजार उड्डाणांपूर्वी जन्मली होती.

2010 सालच्या अमेरिकन नियमानं मोठ्या विमानांना शेवटी एक आकडा बांधून दिला. उत्पादकानं चाचण्या करून सांगायचं, की इतक्या सायकलींपर्यंत किंवा इतक्या तासांपर्यंत आमची तपासणी पुरेशी आहे. त्यापलीकडे भेगा एकमेकींना कधी गाठतील याची खात्री देता येत नाही, म्हणून त्यापलीकडे विमान उडवायचंच नाही, कितीही चकचकीत दिसलं तरी. हा आकडा ठरवायला एक नवं कोरं विमान बळी द्यावं लागतं. बोइंगनं 787चं एक धड पंखांसकट पोलादी सांगाड्यात अडकवून पाच वर्षं नुसतं ताणलं आणि सैल केलं. 1,65,000 उड्डाणं, जागच्या जागी. अपेक्षित आयुष्याच्या पावणेचार पट.

787चं धड ॲल्युमिनियमचं नाही, कार्बनच्या धाग्यांचं आहे, आणि या धाग्यांना फुगण्या-बसण्याचा शीण फारसा येत नाही. म्हणून तिथे केबिनमध्ये जास्त दाब ठेवणं परवडतं. 8,000 फुटांऐवजी 6,000 फुटांची हवा. माझ्या बाटलीला हे आधी कळलं. लांबच्या प्रवासात एकदा 787मध्ये ती नेहमीपेक्षा बरीच कमी चेपली होती.

उलट टोकाला डाकोटा. 27 ऑक्टोबर 1947ला श्रीनगरला भारतीय सैन्याची पहिली तुकडी उतरवली ती याच विमानांनी, आणि दुरुस्त केलेलं एक डाकोटा 2018 साली 'परशुराम' नावानं हवाई दलात परत आलं. ऐंशी वर्षांच्या पलीकडची ही विमानं जगात अजून उडतात. त्यांची केबिन दाबाची नसतेच. ती फार उंच जात नाहीत, आत हवा कोंडत नाहीत, फुगत नाहीत. पंखांना शीण त्यांच्याही येतो, पण श्वासांचा हिशेब त्यांना लागू नाही. योग्याचं म्हणणं इथे तरी पटतं.

अलोहाच्या चौकशीत एका प्रवासी बाईंची साक्ष आहे. हिलोला विमानात चढताना त्यांना दाराशेजारी, बाहेरच्या पत्र्यावर, रिव्हेटांच्या वरच्या ओळीला धरून गेलेली एक लांब भेग दिसली होती. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. कोण बोलेल? हे एवढे जाणते लोक, त्यांना दिसलं नसेल होय, असंच आपल्यालाही वाटलं असतं.

ते वाचल्यापासून मी विमानाच्या दारात जरा रेंगाळतो. एरोब्रिजची छत्री आणि दार यांच्यामध्ये हातभर पत्रा उघडा दिसतो. परवा तिथे, रंगाखाली, वहीच्या पानाएवढी एक जादा पट्टी दिसली, भोवती रिव्हेटांच्या दोन ओळी. सामानाच्या किंवा जेवणाच्या गाडीचा धक्का लागला असेल कधीतरी. मी पट्टीचे कोपरे पाहिले. चारही छान गोल घासलेले होते. तळहात टेकवून बघितला, पत्रा उन्हानं कोमट होता. "सर, पुढे व्हा ना," दारातली मुलगी म्हणाली, आणि मागे बारामतीकडच्या एक आजी आपली पिशवी माझ्या पाठीत ढकलत होत्या.